आईची जाग

रात्री अकराच्या पुढे सौसरचा रस्ता निवतो आणि उशाशी ठेवलेल्या यंत्राचा आवाज खोलीत भरू लागतो. एकसारखा, मऊ, उभ्या ज्वारीतून वारं फिरावं तसा. नाकावर मास्क, डोक्यामागून पट्टे, छातीवरून गेलेली नळी. हा आवाज ऐकत पडलो की मला आठवते ती पांढुर्ण्याच्या अंगणातली एक शांतता.

उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणात खाटा टाकून झोपायचो. इटारसीकडे जाणारी मालगाडी धडधडत निघून जायची आणि मागे उरायचं बाबूजींचं घोरणं. चढत चढत जायचं आणि मध्येच तुटायचं. मग काहीच नाही. रातकिडेसुद्धा थांबल्यासारखे वाटायचे. त्या पोकळीत बांगड्यांचा बारीक आवाज यायचा. आई उठून बसलेली असायची. बाबूजींच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणायची, "अवो, कड पालटा जरा." पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा मोठा श्वास घेऊन बाबूजी परतायचे. आईच्या बांगड्या पुन्हा गप्प.

गाढ झोप लागते म्हणून माणूस घोरतो, असंच सगळे समजायचे. दुपारी जेवताजेवता बाबूजींची मान ताटावर कलायची, तेव्हा आम्हाला वाटायचं, दमलेत. एका पौषातल्या पहाटे ते गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं आई तशीच मध्यरात्री उठून बसायची. ऐकायला समोर काही नव्हतं, तरी ऐकत राहायची.

माझी गोष्ट मला पत्नीनं सांगितली. "तुमचा आवाज थांबला का माहा जीव थाऱ्यावर राहत नाही," म्हणाली. नागपूरला एक रात्र अंगभर तारा लावून झोपलो आणि अहवाल आला: तासाला बेचाळीस वेळा श्वास अडतो, दर वेळी निदान दहा सेकंद. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते. हवेच्या दाबानं ती आतून उघडी ठेवायची, एवढंच हे यंत्र करतं. दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. माझा दहा. उन्हाळ्यात जाम नदी ओलांडताना घोट्याला लागायचं, तेवढं पाणी. तेवढ्यावर माणसाचा श्वास तोललेला असतो.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय 1981 साली जगापुढे मांडला. त्या वर्षी बाबूजी हयात होते. आमच्या अंगणात आई जागत होती.

सवय मात्र लवकर झाली नाही. पहिल्या रात्री वाटलं, भर वाऱ्यात तोंड धरून उभं केलंय. पहाटे मास्क उशीखाली सापडायचा, कधी घसा कोरडा पडायचा, कधी कडेनं निसटलेली हवा डोळ्यांवर यायची. दुपारी जागेपणी तो लावून पेपर वाचत बसायला सांगितलं होतं, तसा बसलो. सोडताना श्वास ढकलायचा नाही, हळू जाऊ द्यायचा, हे कळायला तीन आठवडे लागले. फेब्रुवारीतल्या एका रात्री खिडकी उघडी होती. मागच्या बगीच्यात आंबिया बहार फुटला होता. यंत्र खोलीतलीच हवा ओढून घेतं. संत्र्याच्या फुलांचा तो वास नळीतून थेट माझ्या आत उतरत राहिला. केव्हा झोप लागली, कळलं नाही.

लहानपणी आई जामसावळीला न्यायची. पिंपळाखाली निजलेला तो हनुमान, वायूचा पुत्र. सगळे नमस्कार करून पुढे सरकायचे. आई मात्र त्याच्या निजलेल्या अंगाकडे बघत बराच वेळ उभी राहायची. काय मागायची, कधी सांगितलं नाही. आता मला अंदाज येतो.

परवा सकाळी चहा देताना पत्नी म्हणाली, "रातभर मले जागच आली नाही." तिचा चेहरा किती वर्षांनी असा निवांत दिसला! मी कप हातात धरून नुसता बघत राहिलो.

तुमच्या घरात कुणाचं घोरणं असं मध्येच तुटत असेल, तर त्याला डॉक्टरकडे घेऊन जाच. आणि शेजारी जी उठून बसते, तिलाही एकदा विचारा, तिची किती वर्षांची झोप राहिली आहे.