खोल्या भाड्याच्या, संसार आपला

भाड्याच्या घराविषयी आपल्या वस्त्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते, 'आपलं थोडंच आहे!' भिंतीचे पोपडे निघाले, आपलं थोडंच आहे. खोलीत उजेड नाही, आपलं थोडंच आहे. स्वतःचे घर झाले की सगळे नीट करू असे म्हणता म्हणता दहा वर्षे निघून जातात आणि पहिलीत गेलेले पोर त्याच अंधाऱ्या खोलीतून दहावीला बसते. भिंती घरमालकाच्या खऱ्या, पण त्या भिंतींआड जाणारी वर्षे आपलीच असतात ना?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुंबईत आल्यावर सुभेदार रामजींचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत चूल, तिथेच जाते आणि तिथेच शेळी. पाय पसरायला जागा नाही. तरी सुभेदारांनी मुलाच्या अभ्यासाची सोय लावली. भीमरावांना लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे व्हायचे. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून बापाने वेळ वाटून दिला.

पुढे १९१२ च्या सुमारास हे कुटुंब परळच्याच बी.आय.टी. चाळीत आले. पहिल्या नंबरची चाळ, दुसरा मजला, ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. एक खोली संसाराला आणि दुसरी वाचन-लेखनाला. बाबासाहेबांचा हा पत्ता सुमारे बावीस वर्षे राहिला. १९२० चे 'मूकनायक', १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, ही सारी कामे या भाड्याच्या खोल्यांत राहत असतानाची. दादरचे 'राजगृह' त्यानंतरचे. दोन खोल्यांतली एक पुस्तकांना द्यायची, हा निर्णय केवढा मोठा होता! आणि त्या तुटपुंज्या मिळकतीत उरलेल्या खोलीत माता रमाईंनी संसार ओढला, हेही आपण विसरता कामा नये.

आम्ही हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. वर टिनाचे छप्पर, मागे थोडी सांदवाडी. आमच्याकडे दुसरी खोली पुस्तकांना देण्याची ऐपत नाही. म्हणून आम्ही एक कोपरा दिला. खिडकीजवळची, सकाळचा उजेड येणारी जागा आधी घरात टीव्हीला मिळायची, ती आता मुलांची. बाजारातून संत्र्याच्या दोन रिकाम्या लाकडी पेट्या आणल्या, त्या एकावर एक ठेवून पुस्तकांचे कपाट झाले. पत्र्याच्या पेटीवर फळी टाकून मेज झाले. बल्ब मधोमध होता, त्याला लांब वायर लावून तो मुलांच्या डाव्या बाजूला आणला, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे.

वर्धा जिल्ह्यातला उन्हाळा कोणाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली दुपार काढणे म्हणजे भट्टीत बसणे. आम्ही मालकाला विचारून टिनावर चुन्याचे दोन हात दिले. पांढरा रंग ऊन परतवतो, काळपट पत्रा ते पिऊन घेतो. आतून जुन्या लुगड्यांचे छत ताणले. टिन आणि कापड यांच्यात हवा राहते, त्यामुळे झळ थेट अंगावर येत नाही. कापड चुलीपासून आणि बल्बपासून दूर ठेवले, हे वेगळे सांगायला नको. दाराला वाळ्याची ताटी लावून दुपारी तिच्यावर पाणी मारतो. यातले काहीच महाग नाही, आणि चुना सोडला तर सगळे घर बदलताना गाडीत टाकून नेता येते. भाडेकरूने खर्च करावा तो असा, सोबत येणाऱ्या वस्तूंवर.

दोन खोल्यांत बायामाणसांना आडोसा नसतो, याचा विचार घरातले पुरुष फारसा करीत नाहीत. आम्ही मधल्या दाराला जाड पडदा लावला आणि सांदवाडीत तट्ट्याची न्हाणी केली. सुनेला, वाढत्या मुलीला निवांत कपडे बदलता येणे ही चैन नव्हे, तो त्यांच्या मानाचा भाग आहे.

आता भिंतीवरच्या तसबिरींचे. या खोल्या मिळण्याआधी आम्ही एक घर पाहिले होते. भाडे ठरले, दिवस ठरला. आडनाव सांगितले आणि मालक म्हणाले, "आमचं काई नाई जी, पण शेजारचे बोलतात." १९१७ साली बडोद्याला बाबासाहेबांना घर मिळाले नाही. पारशी नाव सांगून सरायीत राहिले, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात उभे राहिले. ती हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शंभर वर्षांनी काठी गेली, शब्द गोड झाले, दार मात्र तसेच बंद होते. जातीमुळे अस्पृश्य मानून कोणत्याही वस्तीत राहायला आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार गुन्हा आहे, हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

म्हणून सध्याच्या मालकांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगितले, आम्ही बौद्ध आहोत, घरात भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागेल, पौर्णिमेला वंदना होईल. ते म्हणाले, खिळे ठोकू नका. ही अट सगळ्याच भाडेकरूंना होती, म्हणून ती आम्ही मानली आणि तसबिरी पुस्तकांच्या पेटीवर मांडल्या. भिंत राखणे हा मालकाचा हक्क आहे. आपण कोण ते लपवून राहा, असे सांगण्याचा हक्क मात्र कोणालाच नाही. आडनाव दडवून, तसबीर पेटीत ठेवून मिळालेले घर कितीही सजवले तरी ते घर होत नाही, लपण्याची जागा होते.

महामंगलसुत्तात योग्य ठिकाणी राहणे हेही एक मंगल सांगितले आहे. आपण ते वंदनेत नेहमी म्हणतो. योग्य ठिकाण म्हणजे काय? आम्हाला वाटते, जिथे मूल उजेडात वाचते, बाई मानाने वावरते आणि दारावर आपले नाव उघड असते ते. भाडे वेळेवर द्यावे, पावती घ्यावी, विजेचे आकडे वहीत मांडावेत आणि सोडताना खोली मिळाली त्याहून स्वच्छ करून द्यावी. मालकाशी हिशेब तेवढा. बाकी संसार आपला आहे. या रविवारी विहारातून परतल्यावर एकदा आपल्या खोलीकडे पाहा, सकाळचा उजेड कुठे पडतो ते. तिथे आज काय ठेवले आहे? ते उचला आणि मुलांना बसवा. जयभीम!