नवा रायपूर : मैदान, मुक्तांगण आणि सेक्टर छत्तीस

हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडते आणि थोड्या वेळाने डोंगरगडच्या टेकडीवरचं बमलेश्वरीचं देऊळ दिसू लागतं. महाराष्ट्र संपल्याची ही खूण. पुढे राजनांदगाव, दुर्ग, भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी आणि मग रायपूर.

मराठी माणसाला हे गाव तसं परकं नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर होता. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० साली काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातलेच, आणि त्यांचं निधनही रायपुरातच झालं. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं. पण आज आपल्याला जायचंय ते या जुन्या, गजबजलेल्या रायपुरात नाही. तिथून वीसेक किलोमीटरवर, माना विमानतळाच्या पलीकडे, भाताच्या शेतांमधून आखून काढलेल्या नव्या राजधानीत.

नवा रायपूर पहिल्यांदा पाहणारा माणूस एकच गोष्ट बोलतो. रस्ते केवढे आणि माणसं कुठं आहेत? सहा पदरी रस्ता, मधोमध फुलझाडं, चौकाचौकात सेक्टरचे आकडे, आणि एखादी गाय निवांतपणे रस्ता ओलांडते आहे. २००० साली छत्तीसगड वेगळं राज्य झालं, २०१२ मध्ये मंत्रालय इथल्या महानदी भवनात आलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये विधानसभेलाही इथं नवी वास्तू मिळाली. साहेब लोक सकाळी येतात, संध्याकाळी जुन्या रायपुराला परततात. गाव अजून वसायचंच आहे, असं म्हणावं लागेल.

पण दोन ठिकाणी मात्र माणसं हमखास असतात. एक, सामना असेल तेव्हा परसद्याच्या मैदानात. दुसरं, रुग्णालयांच्या आवारात.

मैदानाचं नाव शहीद वीर नारायण सिंह. १८५७ च्या उठावात फाशी गेलेल्या सोनाखानच्या जमीनदाराचं हे नाव. पहिला आंतरराष्ट्रीय सामना इथं २१ जानेवारी २०२३ ला झाला आणि न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला. आम्हाला मात्र त्याआधीचा एक महिना जास्त महत्त्वाचा वाटतो. मार्च २०२१. निवृत्त खेळाडूंची स्पर्धा, कर्णधार सचिन तेंडुलकर. १३ तारखेला दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या खेळाडूंविरुद्ध युवराज सिंगने एका षटकात सलग चार षटकार ठोकले. २१ तारखेच्या अंतिम सामन्यात त्याने ६० धावा केल्या आणि श्रीलंकेविरुद्ध आपण जिंकलो. मार्च २०२५ मध्ये तो पुन्हा याच मैदानावर आला आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात ३० चेंडूंत ५९ करून गेला.

आता हाच माणूस २०१२ साली कसा होता ते आठवा. २०११ च्या विश्वचषकात ३६२ धावा आणि १५ बळी घेऊन तो मालिकावीर ठरला. त्या दिवसांत तो खोकत होता, मैदानावर ओकत होता, तरी खेळत होता. नंतर कळलं की दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत गाठ आहे, कर्करोगाची. अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली केमोथेरपी झाली. याच जातीच्या कर्करोगावर सत्तरच्या दशकात गुणकारी औषधयोजना बसवणारे हेच ते डॉक्टर. केस गेलेल्या डोक्याचा फोटो युवराजने स्वतःच साऱ्या जगाला दाखवला. सप्टेंबर २०१२ मध्ये चेन्नईला तो पुन्हा भारताकडून खेळायला उतरला आणि त्याच काळात त्याने ‘यू वी कॅन’ ही संस्था काढली. कर्करोगाची तपासणी, जनजागृती आणि या आजारातून उठलेल्या मुलांच्या शिक्षणाला मदत, हे तिचं काम.

कुणी म्हणेल, त्याच्याकडे पैसा होता, तो अमेरिकेला गेला. बरोबरच आहे. बस्तरच्या शेतमजुराची आणि त्याची बरोबरी कशी व्हायची? पण ‘तुला कर्करोग आहे’ हे ऐकल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो दोघांचा सारखाच असतो.

तो शेतमजूर येतो ते सेक्टर छत्तीसमध्ये. उपरवारा गावाच्या शिवारात बाल्को मेडिकल सेंटर हे १७० खाटांचं कर्करोग रुग्णालय २०१८ पासून चालू आहे. वेदांत समूहाच्या वैद्यकीय प्रतिष्ठानाने ते उभारलं. त्याआधी छत्तीसगडच्या रुग्णाचा रस्ता ठरलेला होता. रायपुरातलं सरकारी आंबेडकर रुग्णालय, ज्याला सारं गाव ‘मेकाहारा’ म्हणतं. नाहीतर नागपूरचं तुकडोजी महाराजांच्या नावाचं रुग्णालय. नाहीतर थेट मुंबईचं टाटा. आता सुकमा किंवा जशपूरहून निघालेल्याला राज्याबाहेर जावं लागतंच असं नाही. तरी सुकमा ते रायपूर हा प्रवास चारशे किलोमीटरच्या आसपासचा. एकदाच नाही, दर केमोला.

इथल्या रुग्णांत तोंडाच्या कर्करोगाचे पुष्कळ. कारण घराघरात गुडाखू. तंबाखू आणि गुळाची ही काळी लगदी सकाळी बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. बायकाही घासतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आपल्याकडच्या मिश्रीची ही सख्खी बहीण. मिश्रीबद्दल आपण आजीला किती वेळा बोललो असू, पण तिने ती सोडली का?

डॉक्टर औषध देतात, मशीन किरण देते, आयुष्मान कार्ड खर्चाचा मोठा भाग उचलतं. तरीही माणसं उपचार अर्धवट टाकून गावी निघून जातात. पहिल्या केमोनंतर उलट्या होतात, केस हातात येतात, शेजारीण म्हणते ‘औषधानंच मारतील’. दुसऱ्या तारखेला खाट रिकामी. अशा वेळी पांढऱ्या कोटातल्या माणसाने शंभरदा समजावलेलं पटत नाही, आणि ‘मी पण यातूनच गेले, हे बघ माझे केस’ असं सांगणाऱ्या बाईचं एका वाक्यात पटतं.

अशा बरं झालेल्या माणसाचं काम काही फार मोठ्या भाषणांचं नसतं. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये कशा धरायच्या आणि दर काही दिवसांनी एकेक काडी कशी वाढवायची, हे तो करून दाखवतो. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला ती सांगते की त्या बाजूच्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, आणि धान कापताना विळ्याने बोट कापू द्यायचं नाही, हात सुजतो. उन्हाळ्यात इथला घरोघरचा आहार म्हणजे बोरे-बासी, रात्रभर पाण्यात भिजलेला भात. केमोने पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तेव्हा तो चालत नाही, ताजं गरमच खायचं. हे पुस्तकी हिंदीत सांगून उपयोग नाही. ते छत्तीसगढीत, गोंडीत, हलबीत सांगावं लागतं. हलबीत मराठीचे शब्द ऐकू येतात, बरं का!

ही रीत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टेरेस लासर या बाईंची १९५२ मध्ये स्तनाची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढे त्या स्वतः एक चेंडू आणि दोरी घेऊन इतर बायकांच्या खाटांशी जाऊ लागल्या, हाताचा व्यायाम शिकवायला. मुंबईत वंदना गुप्ता यांनी लसिकाग्रंथींच्या कर्करोगातून उठल्यावर १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ सुरू केलं. रेल्वेच्या लेखा सेवेतल्या अधिकारी रुबी अहलुवालिया यांना २००९ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. २०१२ मध्ये त्यांनी ‘संजीवनी’ उभी केली.

आणि एक नाव इथं अगदी अचानक आठवतं. सेक्टर छत्तीसच्या जवळच ‘पुरखौती मुक्तांगण’ आहे. बस्तर, सरगुजाच्या आदिवासी शिल्पांची ही मोठी बाग राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते २००६ मध्ये खुली झाली. पाटी वाचली की पुणेकराला दुसरं मुक्तांगण आठवणारच. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये अनिल अवचटांच्या साथीने सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र. तिथं दारूतून सुटलेली माणसंच नव्याने आलेल्यांचा हात धरतात. अनिताताईंना कर्करोग झाला होता. त्या १९९७ मध्ये गेल्या, केंद्र चालू आहे.

मुक्तांगण जरूर पाहा. रुग्णाबरोबर आलेल्यांसाठी तर ही दोन तासांची मोकळी हवा आहे. खंडवा गावाजवळची जंगल सफारी मुलांना आवडेल. सेक्टर दोनमधलं सत्यसाई रुग्णालय बाहेरून तरी बघा. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया तिथं फुकट होतात, बिलाची खिडकीच नाही. ऊन मार्चपासूनच चढतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे.

आणि कुणाला उपचारासाठीच यावं लागलं, तर रुग्णालयातून रेल्वे सवलतीचा दाखला मागून घ्या. कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराला किंवा तपासणीला जाताना स्लीपर आणि तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला पंचाहत्तर टक्के. नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. बाकावर शेजारी बसलेला, तिसऱ्या वर्षाच्या तपासणीला आलेला जुना रुग्ण मात्र कोणत्या टेबलावर कोणता कागद द्यायचा, हे न विचारता सांगतो.