पाण्याच्या दोन खुणा

सल्फेटचा अवरक्त आलेख समोर आला की नवशिक्याची नजर आधी ११०० सेंमी⁻¹ च्या आसपासच्या रुंद, खोल दरीकडे जाते. माझीही जायची. गंधकाभोवतीचे ऑक्सिजनचे चार अणू थरथरताहेत, एवढंच ती सांगते. जिप्सम असो की बराइट, ती असतेच. आडनाव कळतं, नाव नाही.

नावासाठी कडेला बघावं लागतं. बराइटमध्ये ९८३ ला एक बारीक, टोकदार खूण दिसते. मोकळ्या सल्फेट आयनात हे कंपन अवरक्ताला दिसतच नाही. स्फटिकात त्याची सममिती मोडते, म्हणून दिसतं. कॅल्शियम सल्फेटसाठी मात्र मी थेट पाण्याकडे जाते. जिप्समच्या पाण्याच्या दोन खुणा, १६८५ आणि १६२०. बॅसानाइटची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची, १६२० ची एकच. अ‍ॅनहायड्राइट तिथे कोरडंठाक.

उमेदवारीच्या काळात मुंबईतल्या एका जुन्या इमारतीच्या पोरबंदर दगडावरची काळी खपली माझ्याकडे आली. दगड चुनखडीचा, हवेतला सल्फर डायऑक्साइड आणि ओल मिळून त्याच्या पृष्ठभागाचं जिप्सम करतात, त्यात काजळी अडकते. दिवस पावसाळ्याचे. चकतीसाठी चूर्णात मिसळायचं पोटॅशियम ब्रोमाइड ओल धरतं आणि ती ओल १६४० च्या आसपास येऊन बसते, म्हणून मी सगळंच वाळवायचं ठरवलं. खपलीचं चूर्णही रात्रभर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं. सकाळी अगेटच्या खलात जोर लावून घोटलं, चकती दाबली. १६२० ची एकच खूण आली. अहवालात लिहिलं: बॅसानाइट.

मला शिकवणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि विचारलं, "मुंबईच्या पावसात बॅसानाइट टिकलं कसं गं?"

मूर्तीच्या साच्यात पाण्यात कालवलेलं प्लास्टर घट्ट होतं, ते पुन्हा जिप्सम होतं म्हणूनच. दर पावसाळ्यात भिजणाऱ्या दगडावर ते कोरडं राहणार कुठून? जिप्समच्या वजनाचा एकपंचमांश पाणीच असतं, आणि त्यातलं बहुतेक मी एका रात्रीत उडवून लावलं होतं. त्या आलेखात दगडाची नाही, माझ्या ओव्हनची हकिकत होती.

पुडीत चिमूटभर खपली उरली होती. ती न वाळवता, हलक्या हातानं घोटली. १६८५ ची खूण आली. सोबत ८७५ ला कॅल्साइटही दिसलं, म्हणजे खपलीखालचा दगड.

आता हिऱ्याच्या स्फटिकावर कण दाबला की मिनिटात आलेख मिळतो. खल क्वचितच निघतो. तरी नमुन्याची पुडी हातात आली की मी तिच्यावर आधी लिहिते: वाळवू नये.