तळ्यावरची माती

२०२५ सालच्या एक जानेवारीच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून बारा कंटेनर विषारी कचरा घेऊन पीथमपूरकडे निघाले. पुढेमागे पोलीस, रस्ता मोकळा केलेला. पीथमपूरचे लोक विरोधात रस्त्यावर उतरले, तरी जूनअखेर तो ३३७ टन कचरा तिथल्या भट्टीत जळून संपला. जाळताना चुना मिसळावा लागतो, त्यामुळे राख मूळ कचऱ्याहून कितीतरी जास्त भरली. त्याच सुमारास पुण्याहून मामेभावाचा फोन आला. "सुटलं बाई एकदाचं तुमचं भोपाळ!" मी त्याला फार तोडून बोलले. त्याचं वाईट मला अजून वाटत नाही.

कंटेनरमधून गेला तो आधीच गोळा करून, गोण्यांत भरून ठेवलेला माल होता. जमिनीतला तिथंच आहे. कारखाना चालू होता तेव्हा आवारात जागोजागी पुरलेला, आणि भिंतीबाहेर उत्तरेला तळ्यांत सोडलेला. सांडपाणी उन्हानं आटावं म्हणून ही तळी १९७७च्या सुमारास केली, खाली प्लास्टिकचं अस्तर घातलं. तळी गळत असल्याची नोंद कंपनीच्याच १९८२च्या पत्रव्यवहारात आहे, म्हणजे १९८४च्या वायुगळतीच्या रात्रीच्या दोन वर्षं आधीची. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांनी २०१०मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला, तो ११ लाख टनांचा. त्यापुढे ३३७चा आकडा ठेवून पाहावा.

गंजलेल्या टाक्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. यंदा पाऊस सरल्यावर गेले तेव्हा मी तिकडे वळलेच नाही, सरळ तळ्यांकडे गेले. बुटकं, दाट, पोपटी गवत. शेळ्या चरत होत्या. पोरांनी विटा रचून स्टंप केले होते आणि एक जण अनवाणी धावत येऊन जोरात गोलंदाजी करत होता. हवा छान होती. अशा जागी मन हलकं व्हायला हवं. माझं लक्ष मात्र त्या पोराच्या टाचांवरून हलेना.

जवळच, रेल्वेलाईनच्या कडेला मावशीचं घर. काका रेल्वेत होते, तिथं प्लॉट स्वस्त मिळाला. सुट्टीत मी महिना महिना राहायची. दुपारी चारला ऊन कललं की मावशी हातपंपावर निघायची. पंप आधी कोरडा खाकरायचा, मग धार यायची. ती पितळी तांब्या भरून घ्यायची आणि ओट्यावर उजेडात ठेवून वाकून बघत बसायची. वर तेलकट, किंचित पिवळी साय धरायची. मावशी त्यात बोट बुडवायची, अंगठ्यावर घासायची, नाकाशी न्यायची. "आपा, आज फिर वैसाच है," असं आपल्या मराठी हिंदीत भिंतीपलीकडे ओरडायची. पलीकडून आपा म्हणायच्या, "कपडे धो लो बहन, पीना मत." पण टँकर आला नाही तर चहा त्याच पाण्याचा व्हायचा. मी तो प्यायलेय. कडवट लागायचा, मावशी साखर वाढवायची. पुढे त्या पंपाला तांबडा रंग फासला, पाणी पिऊ नका म्हणून. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या म्हणून सांगितलं, नळ यायला त्यानंतरही वर्षं गेली.

आमच्या घरचे तिला म्हणायचे, "अशा ठिकाणी राहतेसच कशाला? वीक आणि ये इकडे." पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, अंगणात कढीपत्ता. कोण घेणार होतं ते, आणि कितीला? शिवाय पुण्यात तिला खोली द्यायला कुणी पुढे आलं नव्हतं. सल्ला मात्र प्रत्येक लग्नात मिळायचा. ती हसून वाढायला उठायची. आता ती नाही, आणि बोलणारे तेच आहेत.

कीटकनाशकांच्या कामातली क्लोरीनयुक्त द्रव्यं पाण्याहून जड असतात. ती मातीतून खाली उतरतात, खडकाच्या फटींत बसतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. भूजल जाईल तिकडे तीही जातात. आवाराची भिंत त्यांना अडवत नाही. म्हणून वरचा माल उचलणं हे त्यातल्या त्यात सोपं काम होतं, आणि त्यालाच चाळीस वर्षं लागली. तळी खोदायची, किती खोल गेलंय ते बोअर घेऊन मोजायचं, माती धुवायची किंवा तापवून शुद्ध करायची, पाणी उपसून गाळायचं, हे सगळं खर्चाचं आणि चिकाटीचं काम आहे. २००१मध्ये कार्बाइड विकत घेणारी डाऊ कंपनी ही जबाबदारी आपली मानत नाही. सरकार भट्टी विझवून मोकळं झाल्यासारखं बोलतं.

आपा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. नळाला पाणी येतं, पण वेळेचा भरवसा नाही, म्हणून धुणं-भांडी अजून पंपावर. मी त्यांना ३३७ टन गेल्याचं सांगितलं. त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "और तालाब वाला?" त्यांनी विचारलं. "वो कब उठेगा?"

मला तारीख हवी आहे. आपांना सांगण्यासाठी, कागदावर लिहिलेली, कुणाच्या तरी सहीची.