सव्वादोन घंट्यांची दिल्ली

मैत्रिणींनो, विमानाच्या तिकिटावर छापलेली वेळ आणि आपल्या उंबऱ्यापासून धरलेली वेळ यांचा हिशेब तुम्ही कधी मांडलाय का? आम्हा चाकूरकरांना तो मांडावाच लागतो.

दिल्लीला माझ्या नणंदेचे ऑपरेशन ठरले आणि सासूबाईंनी जायचेच म्हणून हट्ट धरला. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. पण लेकीच्या दुखण्याला आई नको तर कोण हवी? धाकटे भाऊजी म्हणाले, "हैदराबादहून सव्वादोन घंट्यांत दिल्ली! पहाटेचं तिकीट स्वस्त हाय, आईला बसवून देऊ." झाले, जो तो तेच घोकू लागला.

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. हैदराबाद ते दिल्ली हवाई अंतर भरले सुमारे १२५० किलोमीटर. जेट विमान एकदा वर गेले की तासाला ८०० किलोमीटर सहज कापते. म्हणजे दीड तास पुरे. मग सव्वादोन कशाला? तर तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसते. विमान जागेवरून हलले की ती सुरू होते, दिल्लीत जागेवर उभे राहिले की संपते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, चढता-उतरताना मंदावणे, उतरण्यासाठी वाट पाहणे, सारे तीत आले. शिवाय वारा! हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, म्हणून मुंबईहून कोलकात्याला लवकर पोचतो आणि परतीला वेळ जास्त लागतो. अंतर तेच, बरे का! ("पृथ्वी फिरते म्हणून," असे मुले ठोकून देतात. अरे, हवाही पृथ्वीबरोबर फिरतेच की!)

आता खरी गंमत जमिनीवरची. लातूरला विमानतळ आहे, पण नेमाने प्रवासी विमान नाही. नांदेडच्या विमानांचे दिवस आम्हाला जुळेनात. राहिले हैदराबाद. उदगीर, बिदर करत अडीचशे किलोमीटरच्या वर रस्ता. वाटेत चहापाणी, म्हातारे माणूस, धरा सहा-साडेसहा तास. विमानतळावर दोन तास आधी. मग ते सव्वादोन. दिल्लीत सामान घेऊन घर गाठायला दीड-दोन. एकूण बारा-तेरा तास! नांदेडहून सचखंड एक्सप्रेस सकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीला पोचते, त्यापेक्षा हे निम्म्याहून कमीच. म्हणून विमानाला माझी ना नव्हती. ना होती ती पहाटेच्या स्वस्ताईला. त्यासाठी रात्रभर गाडीत गुडघे दुमडून बसायचे, नाहीतर हैदराबादेत लॉजचे भाडे भरायचे. मग वाचले काय?

मी ह्यांना कागदावर आकडेच मांडून दिले. हे बराच वेळ कागद पाहत बसले. शेवटी दुपारी चारचे तिकीट निघाले, आणि दोन माणसांचे. सोबत मी. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून ठेवली. तिचे वेगळे पैसे पडले नाहीत, तुम्हीही लक्षात ठेवा. कान दडतात म्हणून खडीसाखरेची पुडी घेतली.

आठ दिवसांची रजा टाकली आहे. स्वयंपाकाचे हे बघणार आहेत म्हणे! सासूबाईंना मी सारा हिशेब पुन्हा समजावला, तर म्हणाल्या, "घंटे ऱ्हाऊ दे गं, दशम्या किती घेतल्यास ते सांग."