बोर्डावरचा ‘आर्किटेक्ट’ आणि भाचीचं गणित

वाटूर फाट्यावर चहाला बसलो की कुणीतरी विचारतंच, “पत्रकार, पोराला अकरावीला काय घ्यावं?” आता मी लगेच उत्तर देत नाही. एकदा दिलं होतं.

माझी भाची वहीच्या मागच्या पानावर घरांचे नकाशे काढायची. आमच्या जुन्या घराची ओसरी, माजघर, अंगण, सगळं टेपनं मापून काढलेलं. दहावीनंतर म्हणाली, “मामा, मला आर्किटेक्ट व्हायचंय.” फक्त गणिताची धास्ती होती. म्हटलं, विचारून सांगतो.

तालुक्याला एका ऑफिसवर ‘आर्किटेक्ट’ असा ठळक बोर्ड होता. तिथले साहेब म्हणाले, “ड्रॉइंग चांगलं पाहिजे, गणितावाचून काही अडत नाही.” मी तेच घरी सांगितलं. पोरीनं गणित सोडून बायोलॉजी घेतलं.

बारावीला ‘नाटा’ परीक्षेचा फॉर्म भरायला बसलो आणि घाम फुटला. बी. आर्क.साठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून यायचं तरी त्यात गणित पाहिजे. पोरगी एक शब्द बोलली नाही. उठून आत गेली.

मग मी त्या साहेबांचं नाव शोधलं. दिल्लीच्या वास्तुकला परिषदेच्या, म्हणजे ‘काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर’च्या यादीत ते नव्हतंच.

मित्रांनो, 1972 चा आर्किटेक्ट कायदा आहे. परिषदेकडे नोंदणी नसेल तर कुणालाही ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावता येत नाही. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 500 रुपयांपर्यंत! बोर्ड रंगवायलाच त्याहून जास्त लागतात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. नोंदणी नसलेल्यानं घराचा नकाशा काढणं हा या कायद्यानं गुन्हा नाही. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायदा बिरुदाला संरक्षण देतो, कामावर बंदी घालत नाही. आपल्याकडची बहुतेक घरं इंजिनिअर, ओव्हरसिअर आणि मिस्त्री यांनीच उभी केलीत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार खोट्या बोर्डाची आहे.

खरा रस्ता असा आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र. मग नाटा किंवा जेईईचा दुसरा पेपर, आणि राज्याच्या सीईटी सेलमार्फत प्रवेश. पाच वर्षं, दहा सत्रं, त्यातलं एक सत्र एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रत्यक्ष काम. शीट, मॉडेल, लॅपटॉप यांचा खर्च फीपेक्षा वेगळा, तो आधीच धरून चला. डिग्री मिळाली म्हणजे झालं असं नाही. परिषदेकडे अर्ज करायचा, नंबर मिळवायचा. ‘सीए’, पुढं वर्ष, पुढं क्रमांक. अमेरिकेत डिग्रीनंतर कामाचे तास भरून परत परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे आज मान्य पदवीवर नोंदणी होते, म्हणून प्रवेश घेताना कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का, हे बघायलाच पाहिजे.

आर्किटेक्टचं नाव किंवा नंबर परिषदेच्या वेबसाइटवर टाकला की नोंदणी आहे की नाही ते दिसतं. पाच मिनिटांचं काम. बातमी लावायच्या आधी मी दोन ठिकाणी खातरजमा करतो. घरच्या पोरीच्या वेळी मात्र बोर्ड वाचला आणि विश्वास ठेवला. चूक त्या साहेबांची होती, तशी माझीही होती.

भाची आता संभाजीनगरला बीएस्सी करते. चांगलं चाललंय. मागच्या दिवाळीला आली तेव्हा ओसरीत बसून म्हणाली, “मामा, या भिंतीला खिडकी पाहिजे होती.” मी काय बोलणार?

ज्यांच्या घरी दहावीचं लेकरू आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा. चित्रकला चांगली आहे म्हणून गणित सोडू देऊ नका. आणि कुणाचाही सल्ला घ्या, माझाही, पण तपासून घ्या.