विजेने घडविलेली काच

वळवाच्या पावसात वीज कडाडली की घरातील वडीलधारी माणसे मुलांना अंगणातून आत बोलावतात. वीज पडेल तेथे राखेखेरीज काही उरावयाचे नाही, अशीच आपली समजूत असते. या समजुतीस छेद देणारी एक जागा दक्षिण अमेरिकेत आहे.

उरुग्वे देशात प्लाता नदीच्या विस्तीर्ण मुखाशी माल्दोनादो हे गाव वसले आहे. तेथून काही मैलांवर एक सरोवर असून सरोवर व किनारा यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्या आहेत. १८३३ साली चार्ल्स डार्विन या गावी दहा आठवडे राहिला. त्या टेकड्यांना तेव्हा झाडोऱ्याचा आधार नव्हता. वारा त्यांना सतत हलवीत असे. वाळू सरकली की तिच्या पोटातील काचेच्या नळ्या उघड्या पडत. डार्विनने हातांनी वाळू उकरीत एका नळीचा दोन फूट खोलवर माग काढला. तिचेच विखुरलेले तुकडे जमेस धरता लांबी सव्वापाच फूट भरली. नळी आतून गुळगुळीत व चकचकीत होती. तिची भिंत मात्र बहुतेक ठिकाणी इंचाच्या विसाव्या भागाहून जाड नव्हती.

हे घडते कसे? वाळूतील गारेचे कण वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि विजेच्या वाटेवरील हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते. वीज वाळूत शिरताच वाटेतील कण वितळतात. तापलेली हवा व वाफ एकाएकी फुगून मध्ये पोकळी पडते. भोवतालची वाळू थंड असल्याने तो रस स्फटिकरूप घेण्यापूर्वीच थिजतो. तीच ही काच. लॅटिन भाषेत विजेला 'फुल्गुर' म्हणतात, त्यावरून या नळ्यांना फुल्गुराइट हे नाव पडले.

थिजताना ही काच आपल्या अंगात वायूचे बुडबुडे कोंडून ठेवते, आणि त्यांचे मोल फार मोठे आहे. इजिप्तच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात आज वीज क्वचितच चमकते; तरी तेथेही अशी काच सापडते. तिच्या एका तुकड्याच्या तपासणीचे निष्कर्ष शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केले. तो तुकडा सुमारे १५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. बुडबुड्यांतील वायूंवरून असे दिसले की, वीज पडली तेव्हा त्या मातीत वनस्पतींचे अंश होते. तेथे गवत व झुडपे उगवत होती. तसा प्रदेश आज पाहावयाचा तर शेकडो मैल दक्षिणेस, सहारा संपून साहेल सुरू होतो तेथे जावे लागते.

आपल्या जुन्या घराण्यांत जपलेल्या एखाद्या मोडी कागदावरून नामशेष झालेल्या वाडीचा पत्ता लागावा, तसेच हे झाले. कागद वाचता न येणारा तो रद्दीत टाकतो. वाळवंटात हौसेने नळी उचलणाऱ्या प्रवाशाच्या हातून ती सहज मोडते, आणि ती कोठे, किती खोल होती हे कोणी टिपून ठेवले नाही, तर त्या भूमीच्या पावसाची साक्षही तिच्याबरोबर जाते.